पोडीचं दहावं पाकीट

रिकामं पाकीट टाकून देऊ नका, त्यावर अख्खं गणित छापलेलं असतं! हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोलले, की आता कुणी माझ्यासमोर बिस्किटाचा पुडा फोडला तरी मला उबग येतो. आमच्या जिल्ह्यात माझं नावच ‘पाकीट टीचर’ पडलं होतं. लोक कौतुकानं म्हणायचे, मीही कौतुकानं ऐकायची. मेलं ते कौतुक!

मी तंजावरची. राजवाड्यामागच्या गल्लीत आमची मराठी घरं, चार-पाच पिढ्यांपासूनची. घरात बोलायचं मराठी, दाराबाहेर पाऊल पडलं की तमिळ, आणि कागदावर लिहायचं तेही तमिळ किंवा इंग्रजी. देवनागरी वाचता येणारी गल्लीत मी एकटीच असेन, तीसुद्धा हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. नोकरी ओरत्तनाडूला, मुलींच्या शाळेत, आठवी-नववीचं गणित. सकाळी जेवणाचा डबा घेऊन बस पकडायची, दोन्ही बाजूंना भाताची शेतं बघत जायचं, संध्याकाळी धूळ खात परत यायचं.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती ती. देश खुला झाला, खुला झाला म्हणून सगळे सांगत होते. आम्हाला कळलं ते वाण्याच्या दुकानात. आधी तिथं पोती असायची, डबे असायचे. वर्ष-दोन वर्षांत दुकानाच्या तोंडाशी चकचकीत पाकिटांच्या माळा लटकायला लागल्या. शांपू पाकिटात, लोणचं पाकिटात, मीठसुद्धा पाकिटात. प्रत्येकावर वजन छापलेलं, किंमत छापलेली, तारीख छापलेली. मुली ती पाकिटं वहीत ठेवायच्या, पुस्तकांना कव्हरं घालायच्या. पुस्तकातला ‘एका टाकीत दोन नळ’ वाचून ज्यांच्या डोळ्यांत झोप यायची, त्या पाकिटं मात्र ओळ न ओळ वाचायच्या. माझ्या डोक्यात दिवा पेटला. म्हटलं, मोजमाप, सरासरी, आलेख, सगळं याच्यावरच शिकवायचं.

खोटं कशाला बोलू, वर्ग असा रंगला की विचारू नका. पाच-पाच मुलींचे गट केले. एका गटाला बिस्किटं, एकाला शेवया, एकाला मीठ, एकाला मोठ्या कंपनीची परुप्पु पोडी. परुप्पु पोडी म्हणजे डाळीची तिखट पूड, गरम भातावर तुपाबरोबर कालवून खायची. आपल्या मेतकुटाची थोरली बहीणच म्हणा. पाचव्या गटाला काय द्यावं याचा विचार करत घरी आले, तर शेजारच्या आक्का दारात उभ्या होत्या.

आक्का माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आमच्यापैकीच. गल्ली त्यांना आक्का म्हणायची म्हणून मीही आक्का म्हणायची. त्यांचे यजमान पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले, आणि घर चालायचं ते आक्कांच्या पोडीवर. डाळी स्वतः भाजायच्या, दळायच्या, शंभर-शंभर ग्रॅम तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायच्या. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडून मेणबत्तीवरून सरकन फिरवलं की झालं बंद. आत समईचं चित्र असलेली लेबलाची चिठ्ठी. कीळवासलच्या बाजारातली सात-आठ दुकानं ती पोडी ठेवायची. त्या दुकानांवर दोन जिवांचं पोट होतं, दुसरं काही नव्हतं त्यांच्याकडे.

मी वर्गातली गंमत सांगितली तशा आक्का म्हणाल्या, “अगे, मग माझी पोडी काय पाप केली? कंपनीवाल्यांच्या शेजारी माझीपण तोल की. मुलींना कळूं दे.”

“पैसे घ्यावे लागतील हं, आक्का.”

“जा ग! शाळेत पोरी खातील, ते काय विकणं आहे? दर सोमवारी दहा पाकिटं देते. घेऊन जा.”

त्या आपणहून म्हणाल्या, हे लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

तोलायची पद्धत माझी. शाळेचा तराजू वाण्याकडचा जुना, पाच ग्रॅमच्या आत त्याला काही समजायचं नाही. म्हणून मी मुलींना सांगितलं, एकेक तोलू नका. दहा पाकिटं फोडा, आतला माल एकत्र पारड्यात ओता, वजन करा, दहानं भागा. एका पाकिटाची सरासरी बरोबर निघेल. रिकामी पाकिटं वहीत चिकटवा, खाली आकडे लिहा. तीन सोमवार हे करायचं, मग आलेख काढायचा. एका वेळच्या वजनावर कुणाला चोर म्हणायचं नाही, असं बजावलंसुद्धा. काय ती अक्कल पाजळली होती मी!

आक्कांच्या पोडीच्या गटात तोलायचं काम एका मुलीकडे होतं. ओरत्तनाडूपासून आत कालव्यावरच्या गावची, बापाची थोडी शेती, अबोल पोरगी, पण हात चलाख. तोलून झालं की दर वेळी ती पोडीचं एक बंद पाकीट आणून माझ्या टेबलावर ठेवायची आणि मान खाली घालून परत जायची. मला वाटलं, आक्कांनी नेहमीसारखं एक वर टाकलं असेल. त्यांची सवयच होती ती. डझनभर मागितलं तर तेरा द्यायच्या, आणि वर म्हणायच्या, “असूं दे, वर्ताळा.” मी पाकीट पिशवीत टाकायची आणि घरी आणायची. तीन सोमवार, तीन पाकिटं. भातावर घेऊन खाल्ली आम्ही. चव काय होती म्हणून सांगू!

तिसऱ्या सोमवारी आलेख निघाले. कंपनीच्या मालाची रेघ शंभरावर अशी सरळ, जशी पट्टीनं ओढावी. बिस्किटं बरोबर, मीठ बरोबर, शेवया बरोबर. आक्कांची पोडी मात्र ब्याण्णवाच्या आसपास. एका सोमवारी एक्क्याण्णव, एका सोमवारी साडेएक्क्याण्णव, एकदा ब्याण्णव. शंभर लिहून आठ-नऊ ग्रॅम कमी.

आक्कांसाठी वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली, ती सांगायला जीभ रेटत नाही. मला आनंद झाला. पाठ फळला म्हणून आनंद! मुलींनी पाकिटावरची गोष्ट तपासली आणि फसवणूक पकडली, याहून मोठा धडा कुठला? शिवाय मनात आलं, आक्का गोड बोलून हेच करत होत्या तर. दर पाकिटात आठ ग्रॅम मारायचे आणि वर एक पाकीट वर्ताळा द्यायचं. मोठ्या शहाण्या! इतक्या वर्षांची शेजारीण, एका घोटात मी तिला चोर करून टाकली.

हेडमिस्ट्रेसबाई खूश झाल्या. त्या वर्षीचं शाळांचं प्रदर्शन तंजावरला भरणार होतं, बाजारालगतच्या एका कल्याणमंडपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात. बाई म्हणाल्या, “हा तक्ता न्यायचाच. याला बक्षीस आहे.” मी मोठ्या कागदावर स्वतःच्या हातानं तक्ता केला. प्रत्येक मालाखाली त्याचं रिकामं पाकीट चिकटवलं. पोडीचं लेबल लावू की नको, म्हणून घटकाभर हात थांबला. मग म्हटलं, शास्त्र म्हणजे शास्त्र, त्यात ओळखपाळख कशाला? नाकानं कांदे सोलायची सवय, दुसरं काय. समईचं चित्र सगळ्यांना दिसेल असं लावलं, आणि वर लाल शाईनं लिहिलं, ‘कोणतं पाकीट खरं बोलतं?’

आक्कांना आधी विचारलं का? नाही. गल्लीत समोरासमोर दार. दहा पावलं चालून जायला मला सवड झाली नाही.

दोन दिवस प्रदर्शन. कीळवासलचे दुकानदार पोराबाळांसह आले. एकानं तक्त्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचलं, मग दुसऱ्याला हाक मारून दाखवलं. आम्हाला ढाल मिळाली. हेडमिस्ट्रेसबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला.

आठवडा नाही झाला, तर आक्कांच्या दारात पोडीची पाकिटं परत यायला लागली. एका दुकानानं पोत्यात घालून पाठवली, एकानं सायकलवरून आणून ओसरीवर ओतली. कुणी भांडलं नाही. “आता कंपनीचीच पोडी ठेवतो अम्मा, त्यांचं वजन चोख असतं,” एवढंच म्हणाले. त्यांना कंपनीवाले माल उधारीवर देत होते, पाकिटांच्या माळा फुकट लटकवून देत होते. निमित्त हवंच होतं, ते मी ढालीसकट पुरवलं.

त्या संध्याकाळी आक्का माझ्या घरी आल्या. हातात त्यांचा तोलायचा काटा. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

“तू स्वतः तोललीस?”

“मुलींनी तोलली. तीन वेळा.”

“तू बघत होतीस?”

“आक्का, वर्गात पाच गट असतात. मी सगळीकडे कशी बघणार? पण तीनही वेळा तेच आलं. आकडे खोटं बोलत नाहीत.”

आक्कांनी काटा जमिनीवर ठेवला. मग म्हणाल्या, “आकड्याला तोंड कुठं आहे ग? बोललीस तर तूच.”

उलट राग आला मला. पकडल्या गेल्या ते गेल्या, वर तोंड करून बोलतात, असं त्या गेल्यावर मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा.

दोन महिन्यांत आक्कांनी दळायचं यंत्र विकलं. गावाबाहेर एक शेड होती, तिथं एका मोठ्या कंपनीचा मसाला आणि पोडी पाकिटांत भरायचं काम चाले. तिथं त्या लागल्या. सकाळी सातला, गल्लीतली मुलं शाळेला निघायच्या आधी त्या बाहेर पडायच्या, अंधार पडता परत. दहा तास उभं काम, पाय सुजून हंडे व्हायचे. यजमान दिवसभर एकटे. त्यांची हाक गल्लीत ऐकू यायची, पाणी, पाणी म्हणून. कधी मी जाऊन द्यायची. परोपकारी बाई मी!

भाताची कापणी आली तशी त्या तोलणाऱ्या मुलीच्या बापानं शाळेत येऊन बोलावलं, पोंगलनंतर घरी या म्हणून. ढाल मिळाली होती ना मुलीमुळे, त्याचा त्यांना अभिमान. रविवारी गेले. खळ्यावर भाताची रास पडलेली. बाप लोखंडी मापानं मोजत होता, मुलगी शेजारी पोतं धरून. त्यानं पहिलं माप भरलं, म्हणाला, “लाभम्,” आणि ते पोत्यात न ओतता बाजूला केळीच्या पानावर पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या नावानं ओतलं. दुसरं माप पोत्यात ओतताना म्हणाला, “रेंडु.” मग मूणु, नालु. पत्तु, म्हणजे दहा म्हणाला तेव्हा पोत्यात मापं होती नऊ.

मी तिथं उभी होते, हातात शहाळं. मला माझं वर्गातलं टेबल आठवलं, त्यावरचं बंद पाकीट आठवलं.

आणि यात नवं काय होतं? आमच्या घरी माझी आई तांदूळ मोजताना एक म्हणायचीच नाही. लाभ, दोन, तीन. धान्याला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, हे मी भातुकलीत शिकलेली.

मुलीला बाजूला घेतलं. म्हटलं, “तू वर्गात पोडी कशी मोजलीस?”

ती हसली. “अशीच, टीचर. पहिलं लाभम्. ते मी तुमच्या टेबलावर ठेवायची. दर वेळी दिलं की तुम्हाला.”

“आणि बिस्किटवाल्या मुली? त्या का नाही ठेवायच्या?”

“बिस्किटाला कोण लाभम् म्हणतं, टीचर?” तिला माझंच हसू आलं. “ते काय मातीतून येतं? पोडी डाळीची. कंपनीच्या पोडीवाल्या मुली बाजारपेठेतल्या, त्यांच्या घरी खळं कुठं? खाण्याचं पहिलं माप कसं तोलायचं?”

ती तिच्या घरची रीत पाळत होती. देवाचा वाटा तिनं टीचरला दिला. आणि टीचर तो गिळत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत कपाट उघडून त्या गटाची वही काढली. तीन पानं. प्रत्येक पानावर पोडीची रिकामी पाकिटं तीन-तीनच्या तीन ओळींत चिकटवलेली, इतकी देखणी, की मी तिन्ही पानांवर लाल शाईनं ‘फार छान’ लिहून सही केली होती. बाकीच्या गटांची दहा-दहा, शेवटचं पाकीट कोपऱ्यात कसंबसं कोंबलेलं. यांचीच ओळ सुबक का, हे कोडं मला पडलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते उगीच नाही.

वजनं खाली लिहिलेली होती. नऊशे पंधरा, नऊशे वीस, नऊशे दहा. मी तिथंच उभ्या उभ्या नऊनं भागलं. एकशे एक, एकशे दोन, पुन्हा एकशे एक, आणि वर थोडं थोडं. आक्का कमी देत नव्हत्या. शंभर लिहून त्या शंभराच्या वर देत होत्या. आख्ख्या तक्त्यात छापल्यापेक्षा जास्त देणारं ते एकच पाकीट होतं. कमी पडलेला जो दहावा वाटा आम्ही ढाल घेऊन मिरवला, तो माझ्या घरी भातावर खाऊन झाला होता.

वही घेऊन हेडमिस्ट्रेसबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, “आता ढाल परत करायची का? शाळेचं नाव काय राहील? त्या बाईंना नोकरी लागली आहे ना? मग झालं.” आणि टेबलावरचं पत्र माझ्याकडे सरकवलं. जिल्ह्यातल्या शिक्षकांना पाकीट पद्धत शिकवायला मला बोलावलं होतं. मी ते पत्र घेतलं. वही परत कपाटात ठेवली.

आक्कांना मात्र सांगितलं. तेवढी लाज शिल्लक होती. रविवारी त्या पायाला गरम तेल चोळत बसल्या होत्या, तिथं जमिनीवर बसून एकूण एक सांगितलं. लाभ, टेबलावरचं पाकीट, वही, एकशे एक. त्या रडतील, शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

“जास्तच भरते मी. ओलाव्यानं वजन हलतं, गिऱ्हाइकाला कमी जाऊं नये म्हणून. मला माहीत होतं.” मग म्हणाल्या, “मला काय म्हणून सांगतेस? मला माहीत असलेलं मलाच? बाजारात सांग. जिथं तक्ता लावलास तिथं जाऊन सांग.”

“सांगते आक्का.”

“तक्ता लिही. तेवढाच मोठा.”

“लिहिते.”

शपथ घेतल्यासारखं बोलले मी. नाही लिहिला. पुढच्या महिन्यात शिक्षकांचं शिबिर होतं, तिथं फुलांचा हार मिळाला. मग दुसऱ्या गावाला शिबिर, मग तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी मी ‘फसवणूक पकडणाऱ्या मुलीं’ची गोष्ट सांगायची, कारण टाळ्या त्यालाच पडायच्या. लेबलाचं चित्र सांगायची नाही. त्यालाच मी सज्जनपणा समजत होते.

आक्कांनी दोनदा विचारलं. एकदा नळावर, “सांगितलंस?” एकदा देवळाच्या पायरीवर, नुसत्या भुवया उंचावून. दोन्ही वेळा मी म्हटलं, सांगते, सांगते, परीक्षा संपूं द्या. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. पुढे त्या माझ्याशी नीटच बोलायच्या, सणाला ताट पाठवायच्या. त्यात पोडी कधी नसायची. चार-पाच वर्षांनी यजमान गेले, त्यांच्या पाठोपाठ त्या गेल्या. शेडमधले लोक हार घेऊन आले होते. बाजारातलं कुणी आलं नाही.

आता मी निवृत्त, पुण्याला लेकीकडे असते. परवा नात शाळेतून सांगत आली, “आजी, रिकामी पाकिटं आणायला सांगितलीत, आम्ही वजनं काढणार आहोत.” मी तिला म्हटलं, “मोजताना आधी पाकिटं मोज. आणि कुणाचं नाव लिहायच्या आधी त्याच्या घरी जाऊन ये.” ती म्हणाली, “एवढ्याशा प्रोजेक्टला?”

आणि मग मी हे लिहायला बसले. सगळं लिहिलं, काही लपवलं नाही, आक्कांचा हक्क आज दिला असं घटकाभर वाटून गेलं. शेवटचं पान लिहिताना हाताकडे लक्ष गेलं. मी देवनागरीत लिहीत होते, मराठीत. तमिळ मला आजही याहून सराईत लिहिता येतं. तक्ता मी तमिळमध्ये लिहिला होता, सगळ्या बाजारानं वाचावा म्हणून. आणि कबुली अशा लिपीत लिहिली, जी कीळवासलच्या बाजारात एकालाही वाचता येत नाही.